जीन्स घातलेला संत आणि मेथीची जुडी

7 सप्टेंबर 2025, रविवार. संध्याकाळी माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेचा फोन आला. त्यांच्या घरी टीव्हीवर रोमची बातमी चालू होती. "टीचर, तुमचा नवा संत बघितला. जीन्स, टी-शर्ट, पाठीला सॅक. आपल्या नववी-दहावीच्या पोरांसारखा दिसतो की हो! याने नेमकं केलं काय?"

त्या वारकरी घरातल्या. संत म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. म्हणूनच त्यांचा प्रश्न माझ्या मनात राहिला. फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

त्या दिवशी पोप लिओ चौदावे यांनी सेंट पीटर चौकात दोन तरुणांना संत घोषित केलं. एक कार्लो आकुतिस. 1991 साली लंडनमध्ये जन्मला, मिलानमध्ये वाढला आणि 2006 साली रक्ताच्या कॅन्सरने गेला, तेव्हा वय 15. दुसरा पिएर जॉर्जो फ्रासाती. तुरीनच्या श्रीमंत घरातला, इंजिनिअरिंग शिकणारा, डोंगर चढण्याचं वेड असलेला. 1925 साली पोलिओने गेला, वय 24. दोघांपैकी कुणी फादर नव्हता, कुणी ब्रदर नव्हता, धर्मासाठी कुणाला मारलं गेलं नव्हतं.

आम्हा वसईकरांनाही हे जरा नवीनच. आमचे संत म्हणजे गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेले आणि 1597 साली जपानात नागासाकीला क्रुसावर प्राण दिलेले. अशा माणसाला संत का म्हणायचं हे लगेच कळतं. कार्लोचं तसं नाही. रोज मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), रोज जपमाळ, शाळा, मित्र, व्हिडिओ गेम (आठवड्याला एक तास, हा नियम त्याने स्वतःच घालून घेतलेला), कॉम्प्युटरवर धार्मिक विषयाची वेबसाइट आणि पॉकेटमनीतून रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी खाणं, स्लीपिंग बॅगा. बस, एवढंच. ख्रिस्तसभा, म्हणजे कॅथलिक चर्च, म्हणते, हे 'एवढंच' पुरेसं आहे.

'पवित्र' या शब्दाची अडचण

मराठीत पवित्र म्हटलं की डोळ्यांपुढे सोवळं येतं, देवघर येतं. जे विटाळापासून लांब ठेवलंय ते पवित्र. बायबलच्या जुन्या करारातही वेगळं काढलेलं, देवासाठी राखलेलं, हा अर्थ आहेच. पण येशू कुष्ठरोग्याला हात लावतो आणि रोगी शुद्ध होतो. जकातदारांच्या पंगतीला बसतो आणि त्यांच्यातला एखादा बदलून उठतो. त्याच्या ठिकाणी पवित्रता विटाळाला भिऊन आत दडत नाही. दिव्याच्या उजेडासारखी ती बाहेर पडते.

कॅथलिक शिकवणीत पवित्रता म्हणजे प्रेमाने पूर्ण भरून जाणं. देवावरचं प्रेम आणि माणसावरचं प्रेम, दोन्ही. जगभरच्या बिशपांची जी दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 1965 या काळात भरली, तिने 1964 साली एका मुख्य दस्तऐवजात यावर अख्खं प्रकरण लिहिलं. पवित्रतेचं बोलावणं सगळ्यांना आहे, तो फादर-सिस्टरांचा राखीव मळा नाही, असा त्याचा सारांश. शिकवण नवी नव्हती. पण लोकांच्या मनात पक्कं बसलं होतं की मठातल्यांनी संत व्हावं आणि संसारी माणसाने दहा आज्ञा मोडू नयेत म्हणजे झालं.

2018 साली पोप फ्रान्सिस यांनी पवित्रतेवर एक पत्र लिहिलं. त्यात त्यांनी दिलेलं उदाहरण मला फार आवडतं. एक बाई बाजारात जाते. शेजारीण भेटते, गप्पा सुरू होतात, मग चहाड्या सुरू होतात. बाई मनात म्हणते, नको, मी कुणाबद्दल वाईट बोलणार नाही. घरी येते तर मुलाला काहीतरी सांगायचं असतं. ती थकलेली असते, तरी बसून ऐकते. मन अस्वस्थ होतं तेव्हा जपमाळ हातात घेते. पुन्हा बाहेर पडते, गरीब माणूस दिसतो, थांबून दोन शब्द बोलते. पोप म्हणतात, यातलं प्रत्येक पाऊल पवित्रतेचं आहे. 'शेजारच्या घरातले संत' हा त्यांचाच शब्द.

जिना आणि लिफ्ट

हा विचार सगळ्यात स्वच्छ मांडला तो 24 वर्षांच्या एका मुलीने. फ्रान्समधल्या लिझ्यू गावची तेरेजा. आमच्याकडे तिला लिटल फ्लॉवर म्हणतात. 1873 साली जन्मली. वडील घड्याळजी, आई लेस विणण्याचा धंदा सांभाळणारी. ते दोघेही 2015 साली संत झाले, एकत्र संतपद मिळालेलं पहिलं जोडपं. तेरेजाची शाळा तेराव्या वर्षी सुटली, पंधराव्या वर्षी ती कार्मेल मठात गेली आणि 1897 साली क्षयाने वारली. मठाच्या भिंतीबाहेर तिला कुणी ओळखत नव्हतं. पण तिच्या आठवणी छापून निघाल्या, 1925 साली ती संत झाली आणि 1997 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य हा मान दिला. तो मान मिळालेली ती तिसरी स्त्री. कलकत्त्याच्या मदर तेरेसांनी आपलं नाव हिच्यावरूनच घेतलं.

तिची अडचण साधी होती. संतांची चरित्रं वाचली की तिला वाटे, ते डोंगर आणि आपण पायाखालचा वाळूचा कण. एवढा उंच जिना आपल्याच्याने चढवणार नाही. मठात जाण्याआधी ती रोमला यात्रेला गेली होती, त्या प्रवासात तिने लिफ्ट पाहिली. त्या काळी श्रीमंतांच्या घरी लिफ्ट नुकत्याच येत होत्या. तिने विचार केला, देवाकडे जायलाही लिफ्ट असणारच. आणि मग तिला सुचलं की लिफ्ट म्हणजे येशूचे हात. मला मोठं व्हायचंच नाही, लहान राहायचंय, म्हणजे तो उचलून घेईल. याला ती 'छोटी वाट' म्हणे.

सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या कुणालाही हे कळेल. लिफ्टमध्ये आपण काही करत नाही असं नाही. दारापाशी जावं लागतं, आत शिरावं लागतं. पण वर नेण्याचं बळ आपलं नसतं.

पावाचा तुकडा

तेरेजाच्या मठात एक म्हातारी सिस्टर होती, सांधे आखडलेली आणि स्वभावाने कडक. रोज संध्याकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना तिला प्रार्थनेतून उठवून जेवणाच्या खोलीत न्यावं लागे. सुरुवातीला तेरेजाला हे काम नको वाटलं, कारण तिला खूश करणं कठीण हे सगळ्यांना माहीत होतं. तरी ती स्वतःहून पुढे झाली. म्हातारी आपलं वाळूचं घड्याळ हलवी, म्हणजे 'चला'. मग तिचं बाक ठरावीक पद्धतीने सरकवायचं, मागून कमरेचा पट्टा धरायचा आणि हळू चालायचं. पाऊल जरा पुढे पडलं की 'तू मला पाडणार!' जरा मागे राहिलं की 'तुझा हात लागत नाही, मी पडले!' वर, 'तू फार लहान आहेस या कामाला.'

जेवणाच्या खोलीत पोचल्यावर तिला बसवायचं, बाह्या दुमडायच्या, त्याही तिच्याच पद्धतीने, आणि निघायचं. इथपर्यंत काम संपलं. पण तेरेजाने पाहिलं की त्या वाकड्या बोटांना पाव मोडता येत नाही. कुणी सांगितलं नव्हतं. तिने पाव कापून दिला, निघण्याआधी मनापासून हसली आणि मग गेली. म्हातारीचं मन त्या पावाने जिंकलं, आणि तेरेजाच्या म्हणण्याप्रमाणे त्याहून जास्त त्या हसण्याने.

माझ्या सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. उशी सरळ केली की त्या म्हणत, वाकडी झाली. वाकडी केली की म्हणत, आधीचीच बरी होती. त्या दिवसांत ही पावाची गोष्ट मी परत परत आठवली. उशी मी रोज सरळ करतच होते. चेहऱ्यावर काय असायचं ते मला माहीत आहे.

'पण चांगलं वागायला देव कशाला हवा?'

हा प्रश्न येणारच. देवाला न मानणारे कितीतरी लोक आजाऱ्याची सेवा माझ्याहून चांगली करतात. ख्रिस्तसभा ते नाकारत नाही. कॅथलिक माणसाचा मुद्दा वेगळा आहे, आणि इथे 'कृपा' हा शब्द एकदा समजून घ्यावा लागतो. कृपा म्हणजे आपण काही कमवण्याआधी देवाने दिलेलं त्याचं स्वतःचं प्रेम, जे आत येऊन आपल्याला प्रेम करायला शक्ती देतं. योहानाच्या पहिल्या पत्रात हेच आहे: त्याने आधी आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण करतो. क्रम उलटा केला की सगळं बिघडतं. मग चांगलं वागणं म्हणजे देवाकडे भरायचा हप्ता होतो.

उधळ्या पुत्राचा दाखला पुष्कळांना ठाऊक असतो. त्यातली एक बारीक गोष्ट सहसा सुटते. मुलगा घरी परतताना मनात तीन वाक्यं पाठ करतो: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला गडी म्हणून ठेवा. घरी पोचल्यावर तो पहिली दोन बोलतो. तिसरं बोलायला बाप त्याला देतच नाही. झगा आणा, अंगठी आणा, अशी त्याची धांदल सुरू होते. बाप लांबूनच त्याला बघून धावत आलेला असतो. पोराच्या पश्चात्तापाचं मोजमाप करत तो दारात उभा नव्हता.

माझ्या वारकरी मैत्रिणीला मी जनाबाईचं जातं आठवून दिलं. दळण तेच, पीठही तेच, पण दळायला सोबत कोण आहे त्याने सगळं बदललं. दोन्ही परंपरा सारख्याच आहेत असं मी म्हणणार नाही, मला तेवढा अधिकार नाही. पण त्या एकदम म्हणाल्या, "असं होय!" आविलाची तेरेसा ही सोळाव्या शतकातली स्पॅनिश संत आपल्या सिस्टरांना सांगे, स्वयंपाकघरात काम पडलं तर हिरमुसू नका, प्रभू भांड्याकुंड्यांतही असतो.

मग चमत्कार आणि संतपद कशासाठी?

थोडक्यात सांगते. बिशपांच्या पातळीवर चौकशी होते, साक्षी घेतल्या जातात, लिखाण तपासलं जातं. रक्तसाक्षी (धर्मासाठी मारला गेलेला) नसलेल्या माणसासाठी साधारणपणे एक चमत्कार सिद्ध झाला की 'धन्य' आणि आणखी एक झाला की 'संत'. कार्लोच्या बाबतीत पहिला ब्राझीलमधल्या एका आजारी मुलाचा, दुसरा इटलीत शिकणाऱ्या कोस्टा रिकाच्या मुलीचा, जिच्या डोक्याला जबर मार बसला होता. डॉक्टरांकडून आधी तपासून घेतलं जातं की याचा वैद्यकीय खुलासा देता येत नाही. चमत्कार संत करत नाही, देव करतो. संत देवाजवळ आहे, याची ती खूण मानतात.

संतांची आराधना होत नाही, त्यांना विनवणी होते. पंढरीला निघालेल्या माणसाला आपण म्हणतोच ना, 'माझाही नमस्कार सांगा.' तसंच.

'हा सोसत राहा म्हणणारा धर्म आहे का?'

हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण तो खरा ठरलेला मी पाहिलाय. 'हसून सोस, देव बघतोय' असं सांगून कितीतरी बायकांना मारझोडीच्या घरात परत पाठवलं गेलं. छोट्या वाटेचा असा वापर ही वाटेची विटंबना आहे.

तेरेजा मठात हसली ती तिला हसायचं होतं म्हणून. कपडे धुताना समोरची सिस्टर तोंडावर घाण पाण्याचे शिंतोडे उडवी, ध्यानाच्या वेळी मागची कुणी चमत्कारिक आवाज करत राही आणि तेरेजाला दरदरून घाम फुटे. हे रोजच्या सहवासातले काटे होते, आणि ते तिने स्वतः निवडून सोसले. जिवावर किंवा मनावर घाला घालणारा छळ वेगळा. जोडीदाराकडून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा कॅथलिक कायदाच देतो. कलम 1153, हवं तर आपल्या फादरना विचारा. सिएनाची कॅथरीन ही चौदाव्या शतकातली संत तर थेट पोपला पत्रं लिहून खडसावत होती की फ्रान्समधलं आविन्यो सोडा आणि रोमला परत या. पवित्र माणूस गप्पच असतो, असं कुठेही लिहिलेलं नाही.

फ्रासातीकडे बघा. ट्रामचे पैसे गरिबाला देऊन तो जेवायच्या वेळेला घरी पळत यायचा. घरच्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मरणाच्या आदल्या दिवशी, हात लुळा पडलेला असताना, त्याने एका गरीब रोग्याच्या औषधासाठी वाकड्यातिकड्या अक्षरात चिठ्ठी लिहिली. अंत्ययात्रेला शहरातले गरीब हजारोंनी आले तेव्हा आईवडिलांना कळलं की आपला मुलगा कोण होता.

देव जाणवलाच नाही तर?

मग ही वाट बंद, असं वाटतं. तेरेजाचे शेवटचे अठरा महिने बघा. 1896च्या ईस्टरच्या सुमारास तिला रक्ताची उलटी झाली आणि त्याच दिवसांत मनात दाट काळोख उतरला. स्वर्ग वगैरे काही नाही, मेल्यावर आणखी अंधार आहे, असा आवाज आतून येत राही. ज्या मुलीला आपण गुलाबांच्या चित्रांत पाहतो ती हा अंधार घेऊन जगली आणि छोटी छोटी कामं प्रेमाने करत राहिली. विश्वास वाटत नव्हता, तरी तिने विश्वासाने वागणं सोडलं नाही. प्रार्थनेत तिला वर्षानुवर्षं झोपही लागे. ती म्हणे, लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापांना सारखंच लाडकं असतं.

मिस्सेत जांभई आली म्हणून खजील होणाऱ्यांना मी हे वाक्य आवर्जून सांगते.

रात्रीचा रोजमेळ

मग हे रोजच्या दिवसात शोधायचं कसं? इग्नेशियस लोयोला, म्हणजे गोव्याला आलेल्या फ्रान्सिस झेवियर यांचे साथी, यांनी एक पद्धत घालून दिली. दुकानदार रात्री रोजमेळ लिहितो, तसा दिवस मागे फिरवून बघायचा. फरक इतकाच, की सुरुवात जमेच्या बाजूने करायची. आज काय मिळालं, त्याबद्दल आभार. मग देवाकडे उजेड मागायचा आणि सकाळपासूनचा दिवस त्याच्याबरोबर बघायचा: कुठे प्रेम आलं, कुठे मी दार लावलं. चुकलं त्याची क्षमा, उद्यासाठी एखादी मागणी. दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

एकदा वर्गात एका मुलीने तिसऱ्यांदा विचारलं, "टीचर, पाणी प्यायला जाऊ?" मी तिच्यावर खेकसले. रात्री दिवस मागे फिरवताना तिचं बाक डोळ्यांपुढे आलं आणि लक्षात आलं, मधल्या सुट्टीत तिच्यापुढे डबा नव्हता. त्या दिवशी मला ते दिसलं होतं, पण मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये न जाता मी माझा डबा तिच्या बाकावर उघडला. चपाती आणि वालाची भाजी. ती आधी नको म्हणाली, मग दोन चपात्या खाल्ल्या.

यादीत नाव नसलेले

ख्रिस्तसभेच्या कॅलेंडरात 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण असतो. ज्यांची चौकशी झाली नाही, ज्यांच्या नावावर चमत्कार लागला नाही, असे देवाजवळ पोचलेले सगळे त्या दिवसाचे मानकरी. दुसऱ्या दिवशी, 2 नोव्हेंबरला, मृतांचा दिवस. आम्ही दफनभूमीत जाऊन कबरी स्वच्छ करतो, फुलं घालतो, मेणबत्त्या लावतो.

त्या वर्षी माझी ती वारकरी मैत्रीणही सोबत आली. आजीच्या कबरीपाशी तिने विचारलं, "या कशा होत्या?" मी तिला मेथीचं सांगितलं. आजी वाडीतली भाजी विकायची. पहाटे कंदिलाच्या उजेडात जुड्या बांधायला बसे, शेजारी भिजवलेलं केळीचं सोपट. पिवळं पान दिसलं की खुडून टाकी. जुडीच्या आत, अगदी मधोमध असलेलंही. मी लहान होते, म्हटलं, "आजी, आतलं कुणाला दिसतंय?" ती म्हणाली, "घरी गेल्यावर जी सोडेल ना, तिला दिसंल. तिच्या घरी पोरं असतील." आणि पुढची जुडी घेतली.